जाताना किल्ली कोणाच्या हाती दिली?

26 जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की चहा-बटाटेवडा असतो, आणि बटाटेवड्याबरोबर देश सुधारण्याचा कार्यक्रम असतो. यंदा सुरुवात बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी केली. "दोन वर्षं. फक्त दोन वर्षं देश एखाद्या जनरलच्या हातात द्या. सगळे सुतासारखे सरळ येतात की नाही बघा." त्यावर दुसऱ्या विंगमधल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "शेजाऱ्यांनी दिलाच आहे की. बघा त्यांच्याकडे." पुढचा अर्धा तास नावांची अंताक्षरी चालली. इकडून द गॉल आले, केमाल पाशा आले, आयसेनहॉवर आले. तिकडून अयुबखान, झिया, इदी अमीन. वडे संपले, वाद होता तिथेच राहिला.

हा वाद मी अनेक वर्षं ऐकतोय. दर वेळी वाटतं की दोन्ही बाजू नुसत्या गणवेशाकडे बघत बसल्या आहेत. एकीला त्यात शिस्त दिसते, दुसरीला हुकूमशाही. माझं म्हणणं असं, की सेनापतीच्या गणवेशावरून तो राज्यकर्ता कसा निघेल याचा काहीही अंदाज येत नाही. अंदाज येतो तो दोन गोष्टींवरून: त्याच्या राज्यात त्याला 'नाही' म्हणू शकणारं कोणी उरलं होतं का, आणि जाताना त्याने घराची किल्ली कोणाच्या हाती दिली. काकांनी फ्रान्सचे जनरल आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले द गॉल यांचं नाव मोठ्या भक्तिभावाने घेतलं होतं, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. त्यांच्या चरित्रात काका आणि बाई दोघांनाही अडचणीत टाकणारा ऐवज भरपूर आहे.

1912 साली शार्ल द गॉल हा कोवळा अधिकारी अरास इथल्या 33व्या पायदळ रेजिमेंटमध्ये रुजू झाला. त्या रेजिमेंटचे कर्नल होते फिलिप पेताँ. 1916 मध्ये व्हर्दंच्या लढाईने पेताँ यांना राष्ट्रपुरुष केलं. त्याच लढाईत द गॉल जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले. जून 1940 मध्ये फ्रान्स कोसळला तेव्हा 84 वर्षांच्या मार्शल पेताँनी रेडिओवरून सांगितलं की मी स्वतःला फ्रान्सच्या चरणी वाहतो आहे, आता लढाई थांबवायला हवी. दुसऱ्या दिवशी, 18 जूनला, नुकत्याच ब्रिगेडियर जनरल झालेल्या द गॉल यांनी लंडनहून बीबीसीवर सांगितलं की लढाई संपलेली नाही. ऑगस्टमध्ये पेताँच्या सरकारच्या लष्करी न्यायालयाने द गॉल यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला. पाच वर्षांनी, पुन्हा ऑगस्टमध्येच, पेताँना मृत्युदंड झाला आणि द गॉल यांनी तो बदलून जन्मठेप केली. एकच रेजिमेंट, एकच रणभूमी, एकच गणवेश. त्या गणवेशाने मग नेमकं काय ठरवलं?

असं उदाहरण शोधायला आपल्याला फ्रान्सला जायचीही गरज नाही. 1758 मध्ये लाहोर घेणारे, ज्यांच्या नावाशी मराठी माणसाने 'अटकेपार' हा शब्द कायमचा जोडून टाकला ते राघोबादादा, पंधरा वर्षांनी पुतण्याच्या खुनानंतर पेशवे झाले आणि 1775 मध्ये सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यायला तयार झाले. कशासाठी? तर गादी परत मिळवण्यासाठी. व्हर्दंचा विजेता हिटलरशी हात मिळवतो आणि अटकेचा वीर मुंबईकर इंग्रजांच्या दारात उभा राहतो. दोघांचंही रणांगणावरचं शौर्य खोटं नव्हतं. पण रणांगणावर शत्रू समोर असतो. सत्तेत आल्यावर शत्रू कोण, हे माणूस स्वतः ठरवतो, आणि गफलत तिथेच होते.

"पण पेताँ हुकूमशहा निघाले आणि द गॉल लोकशाहीवादी, एवढाच तर फरक," असं बाई म्हणतील. फरक इतका सोपा असता तर बरं झालं असतं. पेताँ पूर्णपणे कायदेशीर मार्गाने आले. 10 जुलै 1940 रोजी विशी गावात, एका कॅसिनोच्या नाट्यगृहात, निवडून आलेल्या प्रतिनिधींनी 569 विरुद्ध 80 मतांनी सगळे अधिकार त्यांच्या स्वाधीन केले. संसदेनेच स्वतःच्या हाताने स्वतःला कुलूप लावलं. पुढे 'स्वातंत्र्य, समता, बंधुता'च्या जागी 'श्रम, कुटुंब, पितृभूमी' आलं, ऑक्टोबर 1940 मध्ये ज्यूंविरुद्धचा कायदा आला, आणि 1942च्या जुलैत पॅरिसच्या फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत सुमारे 13,000 ज्यू माणसं-मुलं गोळा केली. द गॉल मात्र 1958 मध्ये बंदुकीच्या सावलीत आले. 13 मेला फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात, अल्जिअर्स शहरात, गोऱ्या वसाहतवाल्यांचा आणि लष्कराचा उठाव झाला, 24 मेला छत्रीधारी सैनिकांनी कॉर्सिका बेट ताब्यात घेतलं, पुढची उडी पॅरिसवर पडणार अशी धास्ती होती. द गॉल यांनी बंडखोरांचा निषेध करायचं कटाक्षाने टाळलं. त्या दबावाखाली 1 जूनला संसदेने 329 विरुद्ध 224 मतांनी त्यांना पंतप्रधान केलं. पत्रकारांनी हुकूमशाहीचा विषय काढला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, सदुसष्टाव्या वर्षी मी हुकूमशहाची कारकीर्द सुरू करीन असं वाटतं का? उत्तर झकास होतं, टाळ्या घेणारं होतं, आणि युक्तिवाद म्हणून पोकळ होतं. त्यांचे जुने कर्नल चौऱ्याऐंशीव्या वर्षी तीच कारकीर्द सुरू करून बसले होते, हे द गॉल यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

तेव्हा बाईंचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: 1958 हा उठाव नव्हता असं म्हणणं म्हणजे दारात दरवडेखोर उभे असताना शेटजींनी 'खुशीने' तिजोरी उघडली असं म्हणण्यासारखं आहे. पण काकांच्या मुद्द्यातही दम आहे, तोही मान्य करायला हवा. फ्रान्सच्या 1958 पर्यंतच्या 'चौथ्या प्रजासत्ताकात' बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारं आली नि गेली. अल्जीरियातलं स्वातंत्र्ययुद्ध थांबवायची कुवत कोणातही नव्हती. फेब्रुवारी 1956 मध्ये पंतप्रधान गी मोले अल्जिअर्सला गेले, तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्यावर टोमॅटो फेकले, आणि मोले यांनी धोरणच फिरवलं. टोमॅटोंनी वाकणारं सरकार तोफांपुढे काय टिकणार होतं? अल्जीरिया सोडायचा निर्णय लष्कराच्या गळी उतरवायला लष्करातलाच माणूस लागला, हे मला नाकारता येत नाही. गणवेश उपयोगी पडला. कशासाठी पडला, हे मात्र काकांनी शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

ज्या लष्कराने त्यांना आणलं, त्याच लष्कराचं राजकारण द गॉल यांनी मोडून काढलं. एप्रिल 1961 मध्ये शाल, सालाँ, जुओ आणि झेलेर या चार सेनापतींनी अल्जीरिया सोडायला विरोध म्हणून अल्जिअर्स ताब्यात घेतलं. 23 एप्रिलच्या रविवारी द गॉल गणवेश चढवून टीव्हीवर आले आणि त्यांनी या चौघांची 'निवृत्त सेनापतींचं टोळकं' अशी संभावना केली. त्यांचे हुकूम मानायला बंदी घातली. दूर अल्जीरियातल्या बराकींमध्ये सक्तीच्या भरतीने आलेली पोरं खिशातल्या ट्रान्झिस्टरवर ते ऐकत होती. वरिष्ठांचा हुकूम मानायचा नाही, असा हुकूम राष्ट्राध्यक्ष देतोय! पोरांनी हात आखडता घेतला आणि चार दिवसांत बंड बसलं. त्या रात्रीच्या गणवेशावर फक्त दोन तारे होते. ब्रिगेडियर जनरलच्या वर बढती त्यांनी कधी घेतलीच नाही. त्याच सुमारास रावळपिंडीत जनरल अयुबखान सत्तेवर आल्यावर वर्षभरात फील्ड मार्शल झाले होते.

आता जे द गॉलभक्त सहसा सांगत नाहीत ते. 17 ऑक्टोबर 1961च्या रात्री पॅरिसमध्ये संचारबंदीविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियनांवर पोलीस तुटून पडले. कित्येकांची प्रेतं सेन नदीत सापडली, आणि किती मेले याचा आकडा आजही वादात आहे. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी करणाऱ्या मार्च 1962च्या एव्हियाँ करारानंतर फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या हजारो अल्जीरियन शिपायांना मागे सोडून दिलं गेलं, त्यांची कत्तल झाली. सरकारी टीव्ही मुठीत होता. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक आणायला 1962 मध्ये घटनादुरुस्तीची ठरलेली वाट सोडून थेट सार्वमत घेतलं, तेव्हा सिनेटचे अध्यक्ष मॉनरव्हिल यांनी त्याला पदद्रोह म्हटलं. यातलं काहीही झाकायचं कारण नाही. फक्त एक गोष्ट नोंदवतो. 17 ऑक्टोबरच्या त्या पोलिसांचे प्रमुख मोरिस पापों हे सनदी अधिकारी होते. पेताँच्या काळात त्यांनीच बोर्दोहून ज्यूंच्या गाड्या रवाना करण्यात हातभार लावला होता, आणि त्यासाठी 1998 मध्ये ते दोषी ठरले. गणवेशवाला गेला, कोट-टायवाला दोन्ही राजवटींत जागेवर होता. क्रौर्याला वर्दी लागतेच असं नाही.

मग द गॉल यांना अयुबखानांच्या रांगेत का बसवायचं नाही? इथे मी 'नाही' म्हणणाऱ्यांकडे येतो. 1962 मध्ये अल्जीरिया सोडायला विरोध करणाऱ्या गुप्त संघटनेतल्या आंद्रे कानाल या बंडखोराला द गॉल यांनी स्थापलेल्या खास लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. ऑक्टोबरमध्ये 'काँसेय देता' या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने निकाल दिला की हे न्यायालय स्थापन करणारा आदेशच बेकायदा आहे. ज्यांच्या संघटनेने ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षाच्या गाडीवर गोळ्या झाडल्या होत्या, त्यांच्यातल्या माणसाचा जीव वाचवणारा हा निकाल! द गॉल भयंकर संतापले, पुढे कायदा करून पळवाटही काढली. पण न्यायाधीश जागेवर राहिले आणि कानाल जिवंत राहिला. आता चार वर्षं मागे, पाकिस्तानात चला. ऑक्टोबर 1958 मध्ये लष्करी कायदा लागू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच सर्वोच्च न्यायालयाने दोसो खटल्यात ठरवलं, की क्रांती यशस्वी झाली की तीच नव्या कायद्याचा उगम असते. म्हणजे चोरी पचली की माल चोराचा. 1972 मध्ये याच न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अयुबखानांनंतर आलेल्या याह्याखानांना सत्ता बळकावणारे ठरवलं, पण तोवर याह्याखान पायउतार झाले होते. बैल गेला नि झोपा केला.

रामशास्त्र्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो: राघोबांना खुनी ठरवलं आणि पुणं सोडलं. गोष्ट आपण नेहमी तिथेच थांबवतो, कारण बाणेदारपणा आपल्याला आवडतो. पण रामशास्त्री गावी गेल्यावरही राघोबा पेशवेच होते. त्यांना खाली आणलं ते सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके अशा बारभाईंनी. म्हणजे एकमेकांशीही फारसं न पटणाऱ्या कारभाऱ्यांच्या जुटीने. एकटा न्यायाधीश धारिष्ट्य दाखवतो, पण त्याच्या निकालामागे उभं राहणारं कोणी हवं. फ्रान्समध्ये न्यायपीठाच्या मागे सिनेट होतं, पक्ष होते, कामगार संघटना होत्या, खवचट वृत्तपत्रं होती. अयुबखानांनी राजकारण्यांना अपात्र ठरवणारा हुकूम 1959 मध्येच काढला आणि 80,000 'मूलभूत लोकशाहीवाद्यां'कडून, म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींकडून, 95 टक्क्यांहून अधिक मतांनी स्वतःवर विश्वास व्यक्त करून घेतला. जानेवारी 1965 मध्ये फातिमा जिना समोर उभ्या राहिल्या तेव्हा मतदार पुन्हा तेवढेच 80,000 पदधारी. त्याच वर्षी डिसेंबरात द गॉल यांना सगळ्या मतदारांपुढे जावं लागलं, पहिल्या फेरीत 45 टक्केही मिळाले नाहीत, आणि डाव्यांचे उमेदवार असलेल्या ज्या मितराँना ते फारसं मोजत नव्हते त्यांच्याशी दुसरी फेरी लढावी लागली. द गॉल यांनी आणलेल्या राज्यघटनेवर मितराँनी अख्खं पुस्तक लिहून झोड उठवली होती. पुढे 1981 पासून 14 वर्षं ते त्याच घटनेखाली राष्ट्राध्यक्ष राहिले, हा आणखी वेगळा विनोद.

काकांच्या 'फक्त दोन वर्षं'चंही बघू. 1958 हे सेनापतींचं वर्ष होतं: जुलैत इराकमध्ये कासिम, ऑक्टोबरात पाकिस्तानात अयुबखान आणि ब्रह्मदेशात ने विन, नोव्हेंबरात सुदानमध्ये अब्बूद. यातले ने विन काकांना सर्वांत जास्त आवडतील. काळजीवाहू म्हणून आले, रंगून साफसूफ केलं, फेब्रुवारी 1960 मध्ये निवडणुका घेतल्या आणि ऊ नू यांच्या हाती सत्ता परत केली. दोन वर्षांच्या आत! जगाने वाहवा केली. 2 मार्च 1962 रोजी ते परत आले आणि 1988 पर्यंत हलले नाहीत. किल्ली त्यांनी दिली होती, फक्त डुप्लिकेट खिशात ठेवली होती. तुर्कस्तानात केमाल पाशांनी 1924 मध्ये सेनानींना लष्कर किंवा संसद यांपैकी एक निवडायला लावलं, तरी 1960 मध्ये त्यांचाच वारसा सांगत तुर्की लष्कर बराकींतून बाहेर पडलं आणि पुढच्या वर्षी माजी पंतप्रधान मेंदेरेस फासावर गेले. म्हणून किल्लीचा प्रश्न विचारताना कुलूप बदललं का, हेही विचारावं लागतं. फ्रान्समध्ये 1961 नंतर लष्कराने पुन्हा डोकं वर काढलं नाही. कुलूप बदललं होतं.

इथे कोणी मला अडवेल, आणि अडवावंच: माणूस गेल्यावर किल्ली मोजून काय उपयोग? निवड करायची ती तो येताना. खरं आहे. म्हणूनच मी पहिल्या 'नाही'ला इतकं महत्त्व देतो. ते सहसा लवकर येतं, आणि ते ऐकून घेतलं जातंय की ऐकवणाऱ्याची बदली होतेय हे सगळ्यांना दिसतं. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. फ्रान्सकडे जुन्या, घट्ट संस्था होत्या. पाकिस्तानकडे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांत एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नव्हती. मग श्रेय द गॉल यांचं की फ्रान्सचं? बरंचसं फ्रान्सचं, असं माझं उत्तर आहे, आणि त्याने काकांची बाजू आणखीच लंगडी होते. ज्या देशात संस्था धड आहेत तिथे चांगला सेनापती चालून जातो. जिथे त्या मोडक्या आहेत तिथे त्याच सेनापतीचा अयुबखान होतो. काकांना सेनापती हवाय तो संस्था मोडक्या आहेत म्हणूनच. अमेरिकेच्या आयसेनहॉवर यांचा दाखला याच कारणाने फारसा उपयोगाचा नाही: ते शाबूत कुलपांच्या घरात रीतसर भाडेकरू म्हणून राहायला आले होते.

आपल्याकडेही एक जनरल राजकारणात उतरले होते. भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा 1971 मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. मला या पराभवाचं फार अप्रूप वाटतं. एवढा मोठा सेनानी मत मागायला आला, मुंबईकरांनी नमस्कार केला आणि मत दुसऱ्याला दिलं. कोणाला त्यात त्यांचा अपमान वाटला नाही, त्यांनाही रणगाडे आठवले नाहीत.

अयुबखानांच्या दशकात कामं झाली नाहीत असं मी म्हणत नाही. मंगला धरण उभं राहिलं, इस्लामाबाद वसलं, 1961 चा कौटुंबिक कायदा तर मुल्लांचा विरोध पत्करून आला. 1968 मध्ये त्यांनी 'विकासाचं दशक' साजरं केलं आणि त्याच वर्षाअखेर विद्यार्थी रस्त्यावर आले. पॅरिसचे विद्यार्थी मे महिन्यातच आले होते. 25 मार्च 1969 रोजी अयुबखान पायउतार झाले. त्यांनीच दिलेल्या 1962च्या घटनेप्रमाणे किल्ली जायला हवी होती राष्ट्रीय सभेचे सभापती अब्दुल जब्बार खान यांच्याकडे. ते पूर्व पाकिस्तानचे. अयुबखानांनी ती दिली सरसेनापती याह्याखानांना. बरोबर दोन वर्षांनी, 25 मार्च 1971च्या रात्री, ढाक्यात रणगाडे फिरले.

फ्रान्समध्ये त्याच 1969च्या 27 एप्रिलला सार्वमत होतं. विषय रूक्ष होता: प्रादेशिक कारभाराची फेररचना आणि सिनेटचे अधिकार कमी करणं. द गॉल यांनी आधीच सांगितलं होतं की हरलो तर जाईन. 52 टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटलं. मध्यरात्रीनंतर कोलोम्बे या त्यांच्या गावाहून दोन वाक्यांचं निवेदन आलं: मी राष्ट्राध्यक्षपदाचं काम थांबवतो आहे, हा निर्णय आज दुपारी बारापासून लागू होईल. मे महिन्यात, नव्या अध्यक्षाच्या प्रचाराची धामधूम सुरू असताना, ते आयर्लंडला समुद्रकाठी निघून गेले. घटनेप्रमाणे हंगामी राष्ट्राध्यक्ष होऊन एलिझे महालात बसले ते आलँ पोएर. द गॉल यांना ज्या सभागृहाचे पंख छाटायचे होते त्या सिनेटचे ते अध्यक्ष, आणि सार्वमतात 'नाही'चा प्रचार करणाऱ्यांतले एक.